वाढत्या मेंदूची राखण : मुलांच्या मेंदूतील गाठी आणि केमोथेरपी

“गाठ तर पूर्ण काढली, मग आता केमो कशाला?” लहान मुलाच्या मेंदूची शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावर आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात. आपल्या घरांत केमोथेरपी या शब्दाला गळणारे केस, उलट्या आणि ‘आता शेवटचा उपाय’ असे अर्थ चिकटलेले असतात. शस्त्रक्रियेतून नुकते सावरणारे लेकरू समोर असताना पुन्हा वर्षभर सुया आणि सलाईन कशासाठी, असे कोणालाही वाटेल.

या प्रश्नाचे उत्तर प्रौढांच्या कर्करोगाकडे पाहून मिळत नाही. रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग मेंदूतील गाठींचा आहे. या गाठी मोठ्यांच्या गाठींहून निराळ्या असतात. त्यांचे उगमस्थान वेगळे, जनुकीय बिघाड वेगळे आणि औषधांना मिळणारा प्रतिसादही वेगळा. मुख्य फरक मात्र गाठीभोवतीच्या मेंदूत आहे. तो अजून घडत असतो. पाचव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या सुमारे नव्वद टक्के होतो, पण आतल्या तंतूंवर आवरण चढण्याचे आणि जोडण्या पक्क्या होण्याचे काम विशीपर्यंत चालूच असते. म्हणून या उपचारांत दोन हिशेब एकाच वेळी मांडावे लागतात. मूल वाचले पाहिजे, आणि वाचल्यानंतर पुढची साठ-सत्तर वर्षे ज्या मेंदूच्या भरवशावर काढायची तो मेंदूही वाचला पाहिजे. केमोथेरपीचे खरे काम या दुसऱ्या हिशेबात दिसते.

शस्त्रक्रिया, मग किरण

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारी मेंदूची घातक गाठ म्हणजे मेडुलोब्लास्टोमा. ती डोक्याच्या मागच्या भागात, लहान मेंदूत होते. हे नाव अमेरिकेतील पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग यांनी १९२५ साली रूढ केले. कुशिंग हे आधुनिक मेंदू-शस्त्रक्रियेचे एक जनक. त्यांच्या हाताला मोठे यश होते, तरी या गाठीपुढे ते हतबल झाले. १९३०च्या सुमारास त्यांनी आपल्या रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा तीन वर्षे जगलेले मूल अपवादानेच सापडत होते. गाठ काढली तरी ती परत येई.

कारण गाठीच्या स्वभावात होते. मेंदू आणि पाठीचा कणा यांच्याभोवती एक स्वच्छ द्रव सतत फिरत असतो. मेडुलोब्लास्टोमाच्या पेशी या द्रवात सुटतात आणि वाहत जाऊन दूर कुठेतरी रुजतात. शेताच्या एका कोपऱ्यातले तण उपटले, पण त्याचे बी पाटाच्या पाण्याबरोबर सगळ्या वाफ्यांत पोचले, तसाच हा प्रकार. सर्जनच्या डोळ्यांना गाठ दिसते, हे बी दिसत नाही.

१९५३ साली मँचेस्टरच्या एडिथ पॅटर्सन आणि त्यांचे सहकारी फार यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. गाठीच्या जागेपुरते रेडिएशन न देता त्यांनी संपूर्ण मेंदू आणि संपूर्ण पाठीच्या कण्याला किरण दिले होते. २७ रुग्णांपैकी सुमारे ६५ टक्के तीन वर्षांनंतर जिवंत होते. ज्या आजारात जवळजवळ सगळे दगावत, त्यात ही क्रांतीच होती. पुढे ३६ ग्रे एवढी मात्रा रूढ झाली. शरीराने किती किरण शोषले ते मोजण्याचे ‘ग्रे’ हे एकक आहे.

मुले जगू लागली, मोठी होऊ लागली, आणि मग या उपचाराची किंमत दिसू लागली. कण्यावर किरण पडल्याने धड आखूड राहिले. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीवर परिणाम होऊन वाढीचे संप्रेरक कमी पडले. कित्येकांना थायरॉइडच्या गोळ्या कायमच्या लागल्या. सगळ्यांत जड किंमत बुद्धीची होती. बुद्ध्यंक वर्षागणिक घसरत गेला. संशोधकांनी बारकाईने पाहिले तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. ही मुले शिकलेले विसरत नव्हती. नवे शिकण्याचा त्यांचा वेग सोबत्यांच्या मानाने कमी पडत होता, म्हणून दरवर्षी अंतर वाढत होते. दुसरीत वर्गाबरोबर असलेले मूल सहावीत मागे पडलेले दिसे. उपचाराच्या वेळी वय जितके कमी तितके नुकसान जास्त. तीन वर्षांखालील बाळांच्या बाबतीत तर हा उपचार करावा की नाही, असाच प्रश्न उभा राहिला.

म्हणजे किरण थांबवावेत तर गाठ परतते आणि द्यावेत तर मेंदू खुरटतो. या कोंडीतून वाट काढण्यासाठी डॉक्टर औषधांकडे वळले.

मेंदूच्या दारावरचा पहारा

औषध मेंदूपर्यंत पोचवणे सोपे नाही. इतर अवयवांत रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून अनेक रेणू सहज बाहेर झिरपतात. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी मात्र एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात आणि नको असलेले रेणू परत रक्तात ढकलणारे पंपही त्यांच्यात असतात. हा रक्त आणि मेंदू यांमधला अडसर विषांपासून आपले रक्षण करतो, आणि त्याच कारणाने कर्करोगाची बहुतेक औषधेही बाहेर अडवतो. गाठीच्या आत हा अडसर काहीसा सैल झालेला असतो. म्हणून गाठीत औषध शिरते, पण कडेच्या निरोगी भागात लपलेल्या पेशींपर्यंत ते पुरेसे जाईलच असे नाही.

यावर तीन मार्ग निघाले. पहिला, मेदात विरघळणारी आणि म्हणून अडसर ओलांडणारी औषधे वापरणे. लोमुस्टिन हे त्यांतले एक, तोंडाने घेण्याचे. दुसरा, नेहमीची औषधे इतक्या मोठ्या मात्रेत देणे की त्यांचा थोडा भाग तरी आत जावा. तिसरा मार्ग म्हणजे औषध थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडणे. त्यासाठी टाळूच्या त्वचेखाली बसवायची छोटी घुमटासारखी पिशवी मूळचे पाकिस्तानचे मेंदूशल्यविशारद अयूब ओमाया यांनी १९६३ साली मांडली. ती आजही ‘ओमाया रिझर्व्हॉयर’ याच नावाने ओळखली जाते.

औषधांच्या जन्मकथाही मोठ्या रंजक आहेत. व्हिन्क्रिस्टिन मिळते ते सदाफुलीपासून, आपल्या अंगणात आणि देवळाच्या आवारात बारमाही फुलणाऱ्या झाडापासून. मधुमेहावरील लोकऔषध म्हणून कॅनडात नोबल आणि बिअर हे शास्त्रज्ञ तिचा अभ्यास करत होते. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झाल्या. त्यातून व्हिन्ब्लास्टिन आणि पुढे अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेत व्हिन्क्रिस्टिन हाती आले. १९६३ साली व्हिन्क्रिस्टिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. पेशी दुभंगताना तिच्या आत जे बारीक धागे ताणले जातात, ते हे औषध बनू देत नाही.

सिस्प्लॅटिनचा शोध तर प्रयोग भलतीकडे गेल्यामुळे लागला. मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू मेले नाहीत, पण दुभंगायचे थांबून लांबच लांब वाढत राहिले. विजेचा त्यात काही संबंध नव्हता. विद्युतअग्रांतील प्लॅटिनम द्रावणात उतरले होते. हे निरीक्षण १९६५ साली प्रसिद्ध झाले आणि १९७८ साली सिस्प्लॅटिन औषध म्हणून बाजारात आले. पेशीच्या डीएनएला ते अशा गाठी मारते की तिला दुभंगता येत नाही.

मात्रा कमी करण्याची परीक्षा

सत्तरच्या दशकात युरोप आणि अमेरिकेत पहिल्या मोठ्या चाचण्या झाल्या. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झाल्यावर अर्ध्या मुलांना लोमुस्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन दिले, अर्ध्यांना दिले नाही. सर्व मुले एकत्र धरली तर फरक थोडाच होता. पण ज्यांची गाठ पसरलेली होती त्यांना औषधाचा स्पष्ट फायदा झाला. औषध मेंदूतही काम करते, एवढे सिद्ध झाले.

खरा प्रश्न त्यानंतरचा होता. औषधाच्या बळावर किरणांची मात्रा कमी करता येईल का? आधी, औषध न देता नुसती मात्रा घटवून पाहण्यात आली. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत कमी धोक्याच्या मुलांमध्ये ३६ ग्रे विरुद्ध २३.४ ग्रे अशी तुलना झाली. कमी मात्रेच्या गटात गाठ लवकर आणि जास्त वेळा परतू लागली, म्हणून ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

मग रॉजर पॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच घटवलेली २३.४ ग्रेची मात्रा दिली आणि सोबत व्हिन्क्रिस्टिन, लोमुस्टिन व सिस्प्लॅटिन यांची जोड दिली. तीन ते दहा वर्षे वयाच्या ६५ मुलांचा हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर ७९ टक्के मुलांत गाठ परतली नव्हती. औषधाशिवाय जी मात्रा अपुरी पडली होती, तीच औषधाच्या जोडीने पुरेशी ठरली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या मोठ्या चाचणीत पाच वर्षांनी ८६ टक्के मुले जिवंत होती. जगभर आज जी पद्धत रूढ आहे ती याच कामावर उभी आहे. शस्त्रक्रियेनंतर साधारण महिन्याभरात किरणोपचार, ते सहा आठवडे, थोडी विश्रांती आणि मग कित्येक महिने केमोथेरपीची आवर्तने.

‘गाठ काढली, मग केमो कशाला?’ याचे उत्तर इथे मिळते. न दिसणाऱ्या पेशींसाठी केमो तर हवीच. शिवाय केमोच्या आधारावर मुलाच्या मेंदूला मिळणारे किरण एक-तृतीयांशाने कमी करता आले. वर्षभराच्या सुया सोसून मुलाला पुढे शाळेत टिकण्याची संधी मिळते.

मात्रा आणखी खाली नेता येईल का, हेही तपासले गेले. तीन ते सात वर्षांच्या मुलांना केमोसह १८ ग्रे देऊन पाहिले. २०२१ साली निष्कर्ष आले. २३.४ ग्रे घेतलेल्या गटात पाच वर्षांनी सुमारे ८३ टक्के मुले आजार न परतता होती. १८ ग्रेच्या गटात ती सुमारे ७१ टक्के. कमी मात्रेच्या मुलांची बुद्धी अधिक चांगली राहिली होती, पण जिवाचा धोका वाढला होता. सरसकट सगळ्यांसाठी २३.४ ग्रेखाली जाता येत नाही, हे त्यातून कळले. त्याच चाचणीत एक चांगली बातमीही होती. वाढीव किरण डोक्याच्या संपूर्ण मागच्या भागाला देण्याऐवजी फक्त गाठीच्या जागेला दिले तरी चालते.

तीन वर्षांखालची बाळे

बाळांच्या बाबतीत केमोथेरपीने आणखी धाडसाचे काम केले. टेक्सासमध्ये यान व्हॅन आइस यांनी शस्त्रक्रियेनंतर बाळांना रेडिएशन न देता नुसती केमो देऊन पाहिली, आणि काही बाळे खरोखर जगली. त्यावरून अमेरिकेत मोठा अभ्यास आखला गेला. तीन वर्षांखालील १९८ बाळांना शस्त्रक्रियेनंतर एक ते दोन वर्षे केमो देऊन किरणोपचार पुढे ढकलले गेले. पॅट्रिशिया डफनर यांनी १९९३ साली त्याचे निष्कर्ष मांडले. सगळी बाळे काही वाचली नाहीत. पण ज्यांची गाठ औषधाने आटोक्यात राहिली त्यांच्या मेंदूला वाढीचा सगळ्यांत नाजूक काळ किरणांशिवाय मिळाला.

जर्मनीतील गटाने पुढचे पाऊल टाकले. शिरेतून केमो आणि जोडीला ओमाया पिशवीतून थेट मेंदूच्या द्रवात मेथोट्रेक्सेट. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेडुलोब्लास्टोमाची ४३ बाळे होती आणि सुरुवातीच्या उपचारात रेडिएशन नव्हतेच. ज्यांची गाठ शस्त्रक्रियेत पूर्ण निघाली होती आणि पसरलेली नव्हती, त्यांपैकी ९३ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होती. त्यांची बुद्धीही किरण घेतलेल्या बाळांपेक्षा चांगली राहिली. किरणांचे काम इथे औषधानेच पार पाडले.

हळू वाढणाऱ्या गाठी

मुलांमधल्या सगळ्याच गाठी धावत्या नसतात. कमी श्रेणीचा ग्लायोमा हा सर्वांत जास्त आढळणारा गट फार हळू वाढतो. लहान मेंदूतला असेल तर नुसत्या शस्त्रक्रियेने मूल बरे होते. पण तोच डोळ्याच्या मज्जातंतूवर असेल तर कापून काढता येत नाही, कारण गाठीबरोबर दृष्टीही जाईल. तिथे केमोचे उद्दिष्ट बदलते. गाठ नाहीशी व्हावी असा हट्ट नसतो. ती थांबावी आणि नजर टिकावी, एवढेच पाहिले जाते. १९९७ साली पॅकर यांनी कार्बोप्लॅटिन आणि व्हिन्क्रिस्टिन घेतलेल्या ७८ मुलांचा अनुभव मांडला. तीन वर्षांनंतर ६८ टक्के मुलांत गाठ वाढलेली नव्हती. काही ठिकाणी आठवड्यातून एकदा फक्त व्हिन्ब्लास्टिन देतात. या गाठी मूल मोठे झाले की बहुधा शांत होतात. तोवर वेळ काढून देणे हे औषधाचे काम.

या क्षेत्रात आता नवे औषधही आले आहे. यांतल्या अनेक गाठींच्या मुळाशी बीआरएएफ या एकाच जनुकातला बिघाड असतो. त्या बिघाडाच्या एका प्रकारावर नेमका घाव घालणाऱ्या डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या दोन औषधांची तुलना नेहमीच्या केमोशी केली गेली. गाठ लक्षणीय लहान होण्याचे प्रमाण केमोच्या गटात ११ टक्के, तर या जोडीच्या गटात ४७ टक्के निघाले. २०२३ साली अमेरिकेत या जोडीला मुलांसाठी मान्यता मिळाली. योग्य मूल निवडायचे तर गाठीची जनुकीय तपासणी मात्र हवीच.

जिथे केमो चालत नाही

केमोच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मेंदूच्या देठात पसरणारा एक ग्लायोमा पाच ते दहा वर्षांच्या मुलांना गाठतो. श्वास, गिळणे, डोळ्यांची हालचाल यांच्या केंद्रांमध्ये तो पाण्यात शाई मिसळावी तसा मिसळतो, म्हणून शस्त्रक्रिया शक्य नाही. रेडिएशनने काही महिने आराम पडतो. केमोची असंख्य मिश्रणे वापरून झाली, पण एकानेही आयुष्य ठोसपणे वाढवले नाही. बहुतेक मुले वर्षभरातच जातात. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग यांची लहानगी मुलगी कॅरन १९६२च्या जानेवारीत याच आजाराने गेली. साठ वर्षांत या गाठीचे जीवशास्त्र उलगडले, उपचार मात्र फारसा पुढे गेलेला नाही. अशा मुलाला केवळ ‘काहीतरी करायचे’ म्हणून जड केमो देण्यात अर्थ नसतो. त्याच्या वेदना कमी करणे आणि उरलेला काळ घरच्यांसोबत घालवू देणे हाही उपचारच आहे.

एपेंडिमोमा या गाठीतही मुख्य भरवसा पूर्ण शस्त्रक्रिया आणि गाठीच्या जागेवरील किरणांवर असतो. केमोचे स्थान दुय्यम. उलट, जर्मिनोमा ही गाठ केमोला झपाट्याने विरघळते. ती नुसत्या रेडिएशननेही बरी होते, पण केमोची जोड दिली की किरणांची मात्रा आणि क्षेत्र दोन्ही कमी करता येतात. म्हणून ‘मेंदूच्या गाठीला केमो लागू पडते का?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. गाठ कोणती, कुठे आणि मूल किती वर्षांचे, हे आधी पाहावे लागते.

औषधाची किंमत

किरणांची किंमत कमी करणाऱ्या औषधाचीही स्वतःची किंमत असते. सिस्प्लॅटिन कानाच्या आतील नाजूक पेशी मारते. आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात. घरात हाक ऐकू येते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. पण वर्गात ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांतला फरक कळत नाही आणि मूल अभ्यासात मागे पडते. आधीच किरणांनी मंदावलेल्या शिकण्यावर हा दुसरा घाव असतो. म्हणून उपचारांदरम्यान ठरावीक अंतराने श्रवणचाचणी हवी आणि गरज पडल्यास श्रवणयंत्र लगेच हवे. यकृताच्या गाठी असलेल्या मुलांत, सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिले तर श्रवणहानी कमी होते असे २०१८ साली दिसून आले. मेंदूच्या पसरलेल्या गाठींत ते देताना मात्र औषधाचाच प्रभाव तर कमी होणार नाही ना, याची चिंता असते.

व्हिन्क्रिस्टिन हातापायांच्या नसांना त्रास देते. मुलाला पायाचा पंजा उचलता येत नाही, जिना चढताना ते अडखळते, जबडा दुखतो, पोट साफ होत नाही. हे औषध शिरेतूनच द्यायचे असते. चुकून पाठीच्या कण्यातील द्रवात गेले तर ते प्राणघातक ठरते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ते सिरिंजमधून न देता सलाईनच्या छोट्या पिशवीतून द्यावे, अशी सूचना केली आहे. लोमुस्टिनचा रक्तपेशींवरचा परिणाम चार ते सहा आठवड्यांनी दिसतो, त्यामुळे मूल घरी खेळत असतानाही रक्ताची तपासणी चुकवता येत नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे असते. अँटिबायोटिकला काही तासांचा उशीरही जिवावर बेतू शकतो. काही औषधांचा परिणाम पुढे मूल होण्याच्या क्षमतेवरही होतो. त्याबद्दल उपचार सुरू होण्याआधी विचारायला हवे.

एक नाव, चार आजार

गेल्या पंधरा वर्षांत आणखी एक बदल झाला. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखा दिसणारा मेडुलोब्लास्टोमा प्रत्यक्षात किमान चार वेगवेगळे आजार आहेत, यावर २०१२ साली जगभरच्या तज्ज्ञांचे एकमत प्रसिद्ध झाले. डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट तीन आणि गट चार अशी त्यांची नावे. डब्ल्यूएनटी गटाची मुले प्रचलित उपचारांनी बहुतेक सगळी बरी होतात. गट तीनमधील अनेकांना सगळे उपचार देऊनही वाचवता येत नाही. मग दोघांना सारखीच मात्रा का द्यायची?

या प्रश्नावर महाराष्ट्रातही महत्त्वाचे काम झाले आहे. हा गट ओळखण्याची तपासणी महाग असते. टाटा मेमोरियल केंद्राच्या खारघर येथील ‘अ‍ॅक्ट्रेक’ संस्थेत निवडक जनुके आणि सूक्ष्म आरएनए यांचे प्रमाण मोजून, मेणात जतन केलेल्या गाठीच्या तुकड्यावरूनही गट ओळखण्याची पद्धत विकसित झाली. त्याच केंद्रात डब्ल्यूएनटी गटाच्या मुलांना कण्याचे किरण पूर्ण टाळून, फक्त गाठीच्या जागी किरण आणि मग केमो असा प्रयोग झाला. काही मुलांत गाठ किरण न दिलेल्या भागात परतली, म्हणून तो थांबवण्यात आला आणि पुढच्या प्रयोगात कण्याला किरण घटवलेल्या मात्रेत पुन्हा घेतले गेले. इतक्या सौम्य गटातही न दिसणाऱ्या पेशींचा बंदोबस्त एकट्या केमोवर सोपवता येत नाही, हे त्या थांबवलेल्या प्रयोगाने जगाला सांगितले. खारघरला २०२३ पासून प्रोटॉन किरणोपचारही सुरू झाले आहेत. त्यांत कण्याला किरण देताना पुढचे हृदय, आतडी आणि इतर अवयव बरेचसे वाचतात.

आपल्याकडचा प्रश्न

जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुला-मुलींना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ऐंशी टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत तीस टक्केही होत नाहीत. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत किमान साठ टक्के मुले वाचवण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी निवडलेल्या सहा कर्करोगांत कमी श्रेणीचा ग्लायोमाही आहे. वर सांगितलेली औषधे बहुतांश जुनी आहेत आणि भारतात मिळतात. म्हणून आपल्याकडे अडचण औषधाच्या आधी आणि औषधानंतर येते.

आधीची अडचण निदानाची. सकाळी उठल्या उठल्या डोके दुखणे आणि उलटी, उलटी झाली की थोडे बरे वाटणे, हे पित्त समजून आठवडेच्या आठवडे जातात. अचानक आलेला तिरळेपणा, मान एका बाजूला कलती ठेवणे, चालताना झोक जाणे, अक्षर एकाएकी बिघडणे, बाळाचे डोके वेगाने मोठे होणे, ही लक्षणे दिसली तर मेंदूचे छायाचित्रण लवकर व्हायला हवे. गाठ पसरण्याआधी सापडली तर किरणांची कमी मात्रा पुरते. म्हणजे निदानाला उशीर झाला तर त्याची किंमत मुलाचा मेंदू मोजतो.

नंतरची अडचण उपचार टिकवण्याची. शस्त्रक्रिया होते, किरण होतात, मूल चालू-बोलू लागते. गावी पेरणी वाट पाहत असते, दुसरे मूल आजीकडे असते, मुंबईतली खोली परवडत नाही. नेमक्या याच टप्प्यावर, मूल बरे दिसत असताना, केमोची आवर्तने सोडून दिली जातात. मात्रा घटवलेले किरण घेतलेल्या मुलाने केमो अर्धवट सोडली, तर ऐंशीच्या दशकात थांबवलेल्या त्या चाचणीतल्या मुलांसारखीच त्याची स्थिती होते. म्हणून राहण्याची सोय, प्रवासाचे पैसे आणि समजावून सांगणारा समाजसेवक हे औषधाइतकेच उपचाराचे भाग आहेत. मुंबईत २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स बाहेरगावच्या अशा कुटुंबांना मोफत निवारा देत आहे. शासनाच्या आरोग्य योजनांतही कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. त्यांची चौकशी पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात करावी.

शाळेचेही काम उरते. उपचार संपवून वर्गात परतलेले मूल हुशार असू शकते, फक्त त्याला वेळ जास्त लागतो. त्याला पुढच्या बाकावर बसवणे, फळ्यावरचे उतरवून घ्यायला आणि परीक्षेत जादा वेळ देणे, त्याच्याशी समोरून बोलणे यांसाठी पैसे लागत नाहीत. डॉक्टरांनी वर्षभर औषध देऊन जो मेंदू जपला, त्याची पुढची राखण शिक्षकांकडे आणि घरच्यांकडे असते. मूल पहिल्यांदा शाळेत परत जाईल तेव्हा त्याच्या दप्तरात श्रवणचाचणीचा अहवाल आणि शिक्षकांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आहे ना, एवढे पालकांनी आठवणीने पाहावे.